शेजाऱ्याची हरकत : हक्क की नुसते मत? (थ्रेड) 🧵

इंग्लंडमध्ये आज शेजारच्या मोकळ्या जागेवर घर बांधण्याचा अर्ज आला, की स्थानिक कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा जागेवर नोटीस लावते. हरकत नोंदवण्यासाठी साधारणपणे २१ दिवस मिळतात. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे, की ती फार जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती १९९० च्या दशकातली आहे. त्यापूर्वी शेजाऱ्याजवळ काय होते आणि त्याने काय गमावले, याचा हा धांडोळा.

आरंभ मध्ययुगीन लंडनपासून करावा लागतो. लाकडी घरे आणि गवती छपरे यांमुळे शहर वारंवार आगीच्या भक्ष्यस्थानी पडत असे. म्हणून दगडी भिंतींना उत्तेजन देणारी एक नियमावली तयार झाली. परंपरा तिचे वर्ष ११८९ सांगते आणि तिचे श्रेय पहिला मेयर हेन्री फिट्झ-एल्विन याला देते. दोन घरांमधली सामाईक भिंत ३ फूट जाड आणि १६ फूट उंच असावी, आणि त्यासाठी दोघांनी आपापल्या जमिनीतली दीड-दीड फूट जागा सोडावी, असा तिचा दंडक होता. तंटा झाला तर मेयर आणि आल्डरमन, म्हणजे शहराचे निवडलेले कारभारी, स्वतः जागेवर जाऊन पाहणी करीत.

या निवाड्यांच्या १३०१ ते १४३१ या काळातील नोंदी उपलब्ध आहेत. गळकी पन्हळी, शेजाऱ्याच्या तळघरात झिरपणारे शौचकूप, आपल्या अंगणात डोकावणाऱ्या खिडक्या : तक्रारींचे विषय आजच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत सहज खपून जातील. दोष सिद्ध झाला, तर तो दूर करण्यासाठी ४० दिवसांची मुदत दिली जाई. येथे शेजाऱ्याच्या हरकतीला आदेशाचे बळ होते.

पण याच नियमावलीत एक कठोर कलम होते. एखाद्याच्या खिडकीतून पिढ्यान्‌पिढ्या उजेड येत असला, तरी समोरच्या जमीनमालकाने तेथे बांधकाम करून ती खिडकी झाकली, तर तक्रार चालत नसे. अपवाद एकच : तसा लेखी करार हाती असला पाहिजे. ज्याच्याजवळ कागद, त्याचा उजेड. दाटीवाटीने वाढणाऱ्या व्यापारी शहराला हीच तडजोड सोयीची होती.

१६१० मध्ये नॉरफोकमधील ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाचा खटला किंग्ज बेंच न्यायालयापुढे आला. शेजाऱ्याने घराला लागून डुकरे ठेवली होती आणि दुर्गंधीने राहणे अशक्य झाले होते. डुकरे माणसाच्या पोटासाठीच पाळली जातात, तेव्हा एवढे नाजूक नाक असू नये, असा बचाव मांडण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. या खटल्याच्या निमित्ताने एक भेद स्पष्ट झाला, आणि तो आजतागायत टिकून आहे. स्वच्छ हवा आणि उजेड या घराच्या गरजा आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दाद मागता येते. खिडकीतून दिसणारे सुंदर दृश्य ही केवळ आनंदाची बाब आहे. ते कोणी अडवले, तर दावा चालत नाही.

उजेडाच्या हक्काला निर्णायक बळ मिळाले १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन अ‍ॅक्टने. २० वर्षे अखंड उजेड मिळाला असेल, तर तो हक्क पक्का झाला. कोणतीही स्थानिक रूढी त्याआड येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. लंडनच्या त्या जुन्या कलमाचा शेवट तेथेच झाला. ‘एन्शंट लाइट्स’ असे लिहिलेल्या पाट्या लंडनमधील काही खिडक्यांखाली अजूनही दिसतात. २० वर्षांचा हाच हिशेब १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आला आणि १८९१ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला.

या हिशेबात दुसऱ्या महायुद्धाने विचित्र अडचण निर्माण केली. बॉम्बवर्षावात इमारती जमीनदोस्त झाल्या आणि शेजारच्या खिडक्यांना पूर्वी कधी न मिळालेला उजेड मिळू लागला. युद्धानंतर पुनर्बांधणी रखडली. १९४० पासून मोजले, तर १९६० मध्ये २० वर्षे भरणार होती, आणि मग बॉम्बने दिलेला उजेड हा शेजाऱ्याचा कायदेशीर हक्क ठरून जुन्या जागी घर बांधणेच अवघड झाले असते. म्हणून १९५९ च्या कायद्याने ही मुदत तात्पुरती २७ वर्षे केली.

दरम्यान १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्टने पायाच बदलला होता. जमिनीवर बांधण्याचा अधिकार आता मालकाचा राहिला नाही. त्यासाठी शासनाची परवानगी आवश्यक झाली. हा व्यवहार अर्जदार आणि शासन या दोघांमधला. शेजारी या चित्रात कोठेच नव्हता, आणि त्याला कळवण्याचे सर्वसाधारण बंधनही कोणावर नव्हते. उजेडाचा जुना हक्क दिवाणी न्यायालयात शिल्लक होता, एवढेच.

याचा दाहक प्रत्यय १९६० मध्ये आला. एसेक्समधील सॅफ्रन वॉल्डनजवळ खडूच्या खाणीसाठी परवानगी मागण्यात आली होती. कौन्सिलने ती नाकारली. अपिलाच्या चौकशीत खाणीच्या धुळीने नुकसान होईल, असे शेजारच्या जमीनमालकांनी सांगितले, आणि चौकशी अधिकाऱ्यानेही नकाराचीच शिफारस केली. मंत्र्यांनी मात्र कृषी खात्याचे मत परस्पर घेऊन परवानगी दिली. शेजारी न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सॅमन यांनी निर्वाळा दिला, की नगररचना कायद्याने शेजाऱ्याला कोणताही हक्क दिलेला नाही. सबब कायद्याच्या अर्थाने तो ‘व्यथित व्यक्ती’ नाही. चौकशीत ज्याचे ऐकून घेतले, त्यालाच निर्णयावर दाद मागण्याचा अधिकार नव्हता! मध्ययुगीन मेयर निदान जागेवर येऊन निकाल तरी देत होता.

या प्रकरणाचा गाजावाजा झाला आणि १९६२ मध्ये चौकशीच्या कार्यपद्धतीचे नियम झाले. १९७३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती ॲकनर यांनी तो अर्थ रुंदावला : चौकशीत म्हणणे मांडणारा माणूसही व्यथित असू शकतो. प्रत्येक अर्जाला प्रसिद्धी देण्याचे बंधन त्यानंतर जवळजवळ २० वर्षांनी आले.

आज हरकतीच्या पत्रात उजेड कमी होणे, खासगीपणा जाणे, वाहतूक वाढणे ही कारणे विचारात घेतली जातात. कौन्सिलने ती वाचली पाहिजेत, मानलीच पाहिजेत असे नाही. आपल्या घराची किंमत उतरेल हे कारण सहसा चालत नाही. आणि खिडकीतले दृश्य जाईल, ही तक्रार १६१० प्रमाणे आजही बाजूला ठेवली जाते.