मदन महलात हजार विड्या

पाय जपून टाका, समोर ओल्या गोणपाटात रात्रभर मुरत ठेवलेली तेंदूची पानं आहेत. 1930 च्या आसपासचं जबलपूर हे. टेकडीवरचा मदन महल तेवढा ओळखीचा; खाली मातीची घरं आणि तंबाखूचा असा खकाणा, की पहिल्याच श्वासाला तुम्हाला सटासट तीन शिंका येतात. हाऊबागकडून गोंदियाच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येते.

त्याच गाडीनं कधीतरी इथं आलेली मावशी तुमच्या मांडीवर सूप ठेवते. मजुरी हजारावर. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस झाले की हजार.

तुम्ही शहाणे. आधी सगळी पानं कापू, मग सगळ्या विड्या वळू, शेवटी दोरा बांधू. (कारखान्यात लीन मॅन्युफॅक्चरिंगचं शिबिर झालं, तेव्हा डुलकी लागली होती ना? ती पद्धत घडवणारा टोयोटाचा ताइची ओनो तरी अजून शिकतोच आहे.) पान पसरायचं, जाड शीर चुकवून पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची. तुमचा फर्मा पानाच्या मधोमध बसतो आणि एकच तुकडा निघतो. मावशी न बोलता तो कडेला सरकवते. त्याच पानातून दोन निघतात. तुमच्या पायाशी कातरणांचा ढीग, तिच्याकडे चिमूटभर.

दुपारी झळा सुरू होतात. घामानं बोटं चिकटतात, तंबाखू डोळ्यांत जाते. सकाळी कापलेलं पान वळायला घेता आणि ते पापडासारखं तडकतं. दुसरंही. तिसरंही.

"कायले येवढी कापून ठेवली?" मावशी हसते. "वाळली का तडकतेत!"

तिच्या सुपात मूठभरच तुकडे, तेही ओल्या फडक्याखाली. ते संपत आले की पुढचे कापायचे. ती वळते, नात तोंडं दुमडते, सून दोरा गुंडाळते. कुणाचा हात दुसऱ्यासाठी थांबत नाही. तुमच्यापुढे मात्र तुकड्यांचा डोंगर आणि विड्या दोनशेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस येतो. कट्टा चिमटीत दाबतो, सैल विडी बाजूला टाकतो. तिला छाट म्हणतात, तिचे पैसे नाहीत. तुमचे चार कट्टे तसेच जातात. मावशीच्याही पाचसात विड्या जातात, काही चांगल्या घट्ट असूनही. तिच्या कपाळाला आठी पडते, पण ती बोलत नाही.

छाट फेकून देतील असं वाटलं होतं तुम्हाला? तो सगळी गोळा करून आपल्या पिशवीत भरतो, त्यातलीच एक शिलगावतो आणि पुढच्या घराकडे वळतो.