शकुंतलेच्या डब्यातली गाठ

यवतमाळ म्हटलं की कापूस, आणि जुन्या माणसांना कापूस म्हटलं की शकुंतला आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाईन टाकली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचावा म्हणून. गंमत बघा, तिचं 1921 सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच होतं; ते 1994 पर्यंत धावलं.

आता आपण डब्यात शिरू. 170 किलोची गाठ फळ्यांवर ठेवलेली आहे, बांधलेली नाही. गाडी सुटते. गाठीला पुढे कोण नेतं? इंजिन तिला शिवतही नाही. शिवते ती खालची फळी, म्हणजे गाठ पुढे जाते ती घर्षणामुळे. घर्षण फक्त अडवतं, हा आपला समज इथे मोडतो.

गाडीने मिनिटभरात ताशी 20 किलोमीटरचा वेग घेतला असं धरू. गाठीला जेमतेम 16 न्यूटन बल लागतं. घर्षणांक 0.4 धरला तर फळी 650 न्यूटनच्या वर देऊ शकते. पण धक्का बसून तीच गाडी एका सेकंदात थांबली, तर 940 न्यूटन हवेत. गाठ पुढे सरकणारच! जड गाठ घेऊनही उपयोग नाही. वजन दुप्पट झालं की घर्षण दुप्पट होतं, आणि लागणारं बलही दुप्पट.

शकुंतला आता थांबली आहे. पण एस.टी.त उभे असताना ब्रेक लागला, की आपणही तीच न बांधलेली गाठ असतो. तेव्हा दांडी धरा.