केळ्याची साल आणि चांदी

पूर्णा जंक्शनला गाडी थांबली की केळीवाला हजर. जवळचं अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध, त्यामुळे आम्हाला केळ्याचं अप्रूप कधी नव्हतंच. केळं खायचं आणि साल रुळांवर! त्याच सालीपासून चांदीचे नॅनोकण बनवता येतात हे वाचलं आणि चाट पडलो. मग म्हटलं, जरा मागे जाऊन बघू.

१८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने सोन्याच्या क्षारापासून माणकासारखं लाल द्रावण बनवलं. सोन्याचे कण अतिसूक्ष्म झाले की रंग बदलतो, हे त्याने ओळखलं. पण क्षारातून सोनं सुटं करायला त्याने वापरला फॉस्फरस, म्हणजे जहाल विष. पुढेही रसायनं बदलली, पण बरीचशी त्रासदायकच.

२००२ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांना लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार झालेले दिसले. इकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्रींच्या गटाने पानांचा अर्क वापरला. २००३ मध्ये जिरॅनियम, २००४ मध्ये कडुलिंब. त्याच वर्षी गवती चहाने तर सोन्याचे चक्क त्रिकोणी कण दिले! आणि २०१० मध्ये पुणे विद्यापीठातले संशोधक पोचले केळ्याच्या सालीपर्यंत.

कृती स्वयंपाकघरातलीच वाटते. साल उकळायची, कुटायची, गाळायची. तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात घातला की रंग तांबूस-तपकिरी होतो. सालीतले पदार्थ चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, चांदीचे अणू एकत्र येऊन कण बनतात, आणि सालीतलेच पदार्थ कणांभोवती लपेटून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. एका सालीत दोन कामं!

मग रुळांवरचा कचरा संपला का? नाही हो. चंचुपात्राला साल लागते मूठभर, आणि सिल्व्हर नायट्रेट कारखान्यातूनच येतं. शिवाय केळ्याची जात बदलली, पिकण्यात फरक पडला की अर्क बदलतो. आमच्या भाषेत, कोड तेच आणि आउटपुट दर वेळी वेगळं. चांदीचे कण जंतू मारतात हे खरं, पण सांडपाण्यातून नदीत गेले तर उपयोगी जंतूही मारतील.

म्हणजे 'हरित' झाली ती कृतीतली एक पायरी. पण ती पायरी बराच काळ बहुतांशी त्रासदायक रसायनांवर अडली होती, आणि ती सोडवण्यात पुण्याचा मोठा हात आहे. या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगू. साल मात्र अजून कचरापेटीतच टाकायची, रुळांवर नाही.