कागदी विमान खरं कोणतं?

आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत आठवीच्या एका मुलाने पुठ्ठ्याचं विमान आणलं. त्याच्या अब्बांनी लहानपणी छापील कागद कापून, डिंकाने चिकटवून केलेलं. पंखावर छापलंय, 'पहिले टपाल विमान १९३२, सुवर्णमहोत्सव'.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं 'पस मॉथ'. एक इंजिन, बंद केबिन, पंख केबिनच्या वर.

हे मॉडेल मात्र पस मॉथचं नाही. पस मॉथचा पंख बराचसा एकाच रुंदीचा असतो, इथे तो टोकाकडे निमुळता होत गेलाय. काचेत तीन डोकी छापली आहेत. पायलट पुढे मध्यभागी आणि मागे दोघे शेजारी शेजारी. ही बैठक त्याच कंपनीच्या 'लेपर्ड मॉथ'ची. पण लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं मे १९३३ मध्ये! मग त्याने १९३२ साली टपाल कसं नेलं?

उत्तर 'सुवर्णमहोत्सव' या शब्दात आहे. १९८२ साली ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. मॉडेल काढणाऱ्याने त्याच उड्डाणाचा फोटो समोर ठेवला असावा, असा माझा अंदाज.

म्हणजे कुणी मुद्दाम फसवलेलं नाही. पण कुठलंही साधन आधी स्वतःच्या काळाची साक्ष देतं. हा कागद १९३२ चा पुरावा नाही, १९८२ चा आहे.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. मनुचीच्या संग्रहातलं इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रं तपासून अस्सल चित्र पुढे आणलं. त्यांनी चित्राखालच्या नावावर विश्वास ठेवला असता, तर?

आज मोबाईलवर आलेल्या एका चित्रावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. म्हणून मी मुलांना सांगतो, चित्राखालची ओळ आधी हाताने झाका. चित्र नीट बघा. ते कधी आणि कुणी काढलं, ते विचारा. मग ओळ वाचा.