कर्जतचं घड्याळ कुणाचं ऐकतं?

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी खालापूरजवळच्या एका कारखान्यासाठी मी हजेरीचा प्रोग्राम लिहिला. कामगार गेटवर कार्ड पंच करणार, वेळ नोंदली जाणार. वेळ कुठून घ्यायची? मी आळस केला आणि गेटवरच्या पीसीचीच घेतली. एकदा वीज गेली, पीसीचा सेल उतरलेला, कुणीतरी अंदाजाने वेळ लावली. 40 मिनिटं पुढे! पहिल्या पाळीतले लोक वेळेवर येऊनही 'लेट' ठरले, अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. एक काका म्हणाले, "साहेब, आमचं घड्याळ बरोबर होतं. पण त्याला विचारतंय कोण?"

गंमत म्हणजे हा प्रश्न या भागाला नवा नाही.

1856 साली रेल्वे कर्जतवरून खोपोलीपर्यंत आली, 1863 साली बोरघाट चढून गेली. तोवर प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर. त्या हिशेबाने कर्जत मुंबईच्या 2 मिनिटं पुढे. पण गाड्या अशा कशा धावणार? मग देशभरच्या रेल्वेने मद्रास वेळ धरली, मुंबईच्या अर्धा तास पुढची. मद्रासच्या वेधशाळेतून तारेने रोज वेळेचा इशारा सुटायचा आणि दूरदूरची घड्याळं त्यावर लावली जायची. आजच्या भाषेत वेधशाळा म्हणजे सर्व्हर, स्टेशनं म्हणजे क्लायंट! मुंबईची वेळ लावून येणाऱ्याची गाडी मात्र चुकायची.

1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या 39 मिनिटं पुढे. सूर्याच्या हिशेबाने तेवढं लवकर कामावर यायचं म्हणून त्याच महिन्यात मुंबईतले गिरणी कामगार भडकले, दगडफेक झाली. महापालिकेने तर पुढे कित्येक दशकं मुंबईची वेळ सोडली नाही. म्हणजे वेळ एक असणं सोयीचं खरं, पण ती कुणाची, हे ठरवणाऱ्याला झळ बसत नाही. ती बसते गेटवर उभ्या असलेल्याला.

असो. आता माझा प्रोग्राम पीसीच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही. तो सर्व्हरला वेळ विचारतो, प्रश्न जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्याच्या निम्मा वेळ उत्तरात मिळवतो. नोंद एकाच प्रमाणवेळेत. सर्व्हर स्वतःही वरच्या सर्व्हरला विचारून आपलं घड्याळ लावत असतो, नाहीतर एकाऐवजी सगळ्यांचाच घोळ.

आणखी एक बदल केला. गेटवरच्या स्क्रीनवर मोठ्या आकड्यांत तीच वेळ दिसते, जी नोंदली जाणार आहे. स्टेशनवरचं घड्याळ निदान सगळ्यांना दिसायचं. आमचं दिसत नव्हतं.

कापलेले पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. काका अजूनही पंच करण्याआधी स्वतःचं मनगट बघतात. बघू देत. बरोबरच आहे त्यांचं.