निद्रेचें ऋण

अन्नावांचून प्राणी किती दिवस जगतो, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या फार जुन्या परिचयाचा. झोपेवांचून तो किती दिवस जगेल, याची पद्धतशीर चौकशी मात्र एकोणिसावें शतक सरत आलें तेव्हां सुरू झाली. झोप म्हणजे केवळ विश्रांति, कीं अन्नपाण्यासारखी जीविताची गरज, हा त्या चौकशीचा मूळ मुद्दा होता.

रशियांतील डॉक्टर मारिया मानासेइना यांनीं १८९४ सालीं रोम येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेपुढें आपले निष्कर्ष मांडले. त्यांनीं कुत्र्याचीं दहा पिल्लें सतत जागीं ठेवलीं होतीं. चार-पांच दिवसांच्या जागरणानें तीं दगावलीं. त्यांच्या अंगाची उष्णता उतरली होती आणि मेंदूंत ठिकठिकाणीं रक्तस्राव झालेला आढळला. वीस-पंचवीस दिवस उपाशी राहिलेला कुत्रा अन्न देऊन वांचवितां येतो. मग निद्रा ही अन्नाहूनहि निकडीची गरज होय, असें अनुमान त्यांनीं काढलें.

पुढें फ्रान्समध्यें रने लजांद्र व आंरी प्येराँ यांनीं १९०७ ते १९१३ या काळांत निराळी वाट धरली. दीर्घकाळ जागविलेल्या कुत्र्याच्या मेंदूभोंवतालचा द्रव त्यांनीं ताज्यातवान्या कुत्र्याच्या मेंदूंत टोंचून घातला. तेव्हां तोहि झोंपी गेला. जागेपणीं शरीरांत एखादें निद्राकारक विष सांचत असावें, असा त्यांचा तर्क होता. जपानमध्यें नागोया येथें कुनिओमी इशिमोरी यांनीं १९०९ सालीं स्वतंत्रपणें तसाच अनुभव नोंदविला.

परंतु या सर्व प्रयोगांवर एक आक्षेप उरतच होता. प्राण्याला झोपूं द्यावयाचें नाहीं, तर त्याला चालविलें पाहिजे, हालविलें पाहिजे, बसल्या जागेवरून उठविलें पाहिजे. मग तो मेला, तो झोप न मिळाल्यामुळें, कीं ती न मिळूं देण्यासाठीं केलेल्या छळामुळें? हा भेद करतां आला नाहीं, तर मृत प्राण्यांची संख्या कितीहि वाढली तरी ज्ञानांत भर पडत नाहीं.

या आक्षेपाला पुरेसें उत्तर मिळण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. शिकागो विद्यापीठांत अॅलन रेक्टशाफेन व त्यांचे सहकारी यांनीं उथळ पाण्यावर एक आडवी तबकडी बसविली आणि मध्यें आडोसा घालून तिच्यावर दोन उंदीर ठेवले. दोघांच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींची नोंद अखंड चालू असे. पहिल्या उंदराचा डोळा लागूं लागला कीं तबकडी फिरे आणि पाण्यांत पडूं नये म्हणून दोघांनाहि चालावें लागे. पहिला आपण होऊन जागा असला कीं तबकडी स्थिर राही. तेवढ्यांत दुसरा डुलकी काढून घेई. चालणें दोघांना सारखेंच. पण पहिल्याची झोप सुमारें ८७ टक्के बुडाली, तर दुसऱ्याची सुमारें ३१ टक्के.

पहिले उंदीर अधिक खात, तरी रोडावत. त्यांच्या पंजांवर व शेपटीवर व्रण पडत, आणि अखेरीस अंगाची उष्णता घसरे. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें, पूर्ण जागरण घडविलेले सर्व उंदीर ११ ते ३२ दिवसांत मेले किंवा मरणोन्मुख झाल्यामुळें मारावे लागले. शवचिकित्सेंत मृत्यूचें असें एक कारण सांपडलें नाहीं. दुसरे उंदीर मात्र तगले.

त्याहून बोधप्रद ठरला तो फेडीचा भाग. मरणाच्या दारीं पोंचलेल्या कांहीं उंदरांना झोपूं दिलें, तेव्हां त्यांतील बहुतेक वांचले. त्यांनीं गमावलेला प्रत्येक तास मोजून परत घेतला नाहीं. ज्या अवस्थेंत डोळे पापण्यांआड झपाट्यानें फिरतात आणि माणसाला ठळक स्वप्नें पडतात, ती निद्रा त्यांनीं कित्येक पटीनें अधिक घेतली. थोड्या तासांच्या जागरणानंतर झोपेची लांबी वाढते त्याहून तिची खोली अधिक वाढते, असेंहि पुष्कळ प्राण्यांत दिसून आलें आहे. निद्रेचें ऋण सर्वस्वीं तासांनीं फेडावयाचें नसतें, तें असें.

२०२० सालीं हार्वर्डमधील संशोधकांनीं फळमाश्या व लहान जातीचे उंदीर यांवर प्रयोग केले. जागरणानें प्राणवायूचे दाहक अणु सांचतात ते आंतड्यांत, असें त्यांना आढळलें. ते निष्प्रभ करणारीं द्रव्यें दिलेल्या माश्या जागरण सोसूनहि जवळजवळ पूर्ण आयुष्य जगल्या. सव्वाशें वर्षें जें कारण मेंदूंत शोधलें, त्याचा एक धागा पोटांत निघाला!

या ज्ञानाची किंमत मुक्या जिवांनीं मोजली आहे. १९५९ सालीं विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनीं प्राण्यांऐवजीं शक्य तेथें अन्य साधन वापरावें, त्यांची संख्या घटवावी आणि यातना कमी कराव्या, अशीं तीन तत्त्वें मांडलीं. आतां बहुतेक प्रयोगांत उंदराला कांहीं तासच, हळुवारपणें हालवून किंवा नवी वस्तु पुढें ठेवून, जागें ठेवतात आणि मग त्याला स्वस्थ झोपूं देऊन ती झोपच न्याहाळतात. एके काळीं जागरणाचा अंत पाहणारें हें शास्त्र आतां झोप काय भरून काढते, तें पाहण्याकडे वळलें आहे.