भंडारदरा परिसरातील वनस्पतींची जातिनिर्मिती

हवामान, भूरचना व अलगीकरण यांच्या परस्परक्रियेतून नव्या वनस्पती कशा निर्माण होतात, हे अभ्यासण्यास महाराष्ट्रात जी मोजकी क्षेत्रे विशेष अनुकूल आहेत, त्यांत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा परिसर मोडतो. प्रवरा नदीवरील विल्सन धरण (बांधकाम १९१०–२६) व त्यामागील आर्थर जलाशय यांमुळे हे ठिकाण सर्वपरिचित आहे. जलाशयाभोवतीच्या कळसूबाई, रतनगड, घाटघर व हरिश्चंद्रगड या भागांत जगात अन्यत्र नैसर्गिक रीत्या न आढळणाऱ्या, म्हणजेच सह्याद्रीला प्रदेशनिष्ठ असणाऱ्या अनेक वनस्पती आहेत.

भूरचना : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकामागून एक पसरले. त्यांपासून बनलेल्या बेसाल्टाच्या जाड आवरणातील एका मोठ्या विभागाला भूवैज्ञानिकांनी कळसूबाईचेच नाव दिले आहे. थर जवळजवळ आडवे असून त्यांत कठीण व मऊ खडक आलटूनपालटून येतात. मऊ खडक लवकर झिजतो, कठीण टिकतो. त्यामुळे डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार येतो. उभा कडा, त्याखाली उतार, त्यावर साठलेली माती आणि पुन्हा कडा अशी ही रचना आहे. पश्चिमेस कोकणाकडे तुटलेला अखंड कडा असून नद्यांच्या खननाने पूर्वेकडील पठाराचे सुटेसुटे माथे झाले आहेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) आणि हरिश्चंद्रगड (सु. १,४२४ मी.) यांच्या दरम्यान खोल दऱ्या आहेत. माथ्यावरील उघड्या कातळात जेमतेम काही सेंटिमीटर जाडीची माती असते. तीत वाढणाऱ्या वनस्पतीच्या दृष्टीने दोन माथ्यांमधील दाट झाडीची दरी ही दोन बेटांमधील समुद्रासारखीच असते.

हवामान : नैर्ऋत्य मोसमी वारे प्रथम घाटमाथ्यावर अडतात. घाटघर येथे वर्षाला सु. ५०० सेंमी. पाऊस पडतो, तेथून पूर्वेस जावे तसा तो झपाट्याने घटतो आणि तालुक्याच्या ठिकाणी, अकोले येथे, तो सु. ५० सेंमी. इतकाच उरतो. एवढा फरक हवाई अंतराने ५० किमी.हून कमी पट्ट्यात पडतो. शिवाय हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पावसाळ्यात पाणथळ झालेले कातळ उन्हाळ्यात तापून कोरडे पडतात. तेथे टिकण्यास वनस्पतीला दोन परस्परविरोधी संकटे सोसावी लागतात : मुळांशी साचणारे पाणी आणि त्यानंतरचा प्रदीर्घ दुष्काळ. जमिनीत कंद ठेवून वरचा भाग सुकू देणे, तीन महिन्यांत जीवनचक्र आटोपणे किंवा मांसल खोडात पाणी साठविणे, हे येथे आढळणारे प्रमुख मार्ग होत.

भूतकाळात हे हवामान स्थिर नव्हते. शिवालिक टेकड्यांतील थरांवरून सु. ८० लाख वर्षांपूर्वी उपखंडाच्या त्या भागात गवताळ प्रदेशांचा मोठा विस्तार झाल्याचे दिसते. सु. २० हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या कळसाला, मोसमी पाऊस दुर्बल होता. पुढे तो पुन्हा वाढला. पाऊस वाढला की दऱ्यांतील जंगल वर चढते व माथ्यांवरील उघडे कातळ एकमेकांपासून तुटतात. तो घटला की उघडी जमीन पसरून ते पुन्हा जोडले जाऊ शकतात. अशा आवर्तनांत एकाच वनस्पतीचे गट कधी विभागले, तर कधी मिसळले गेले असावेत.

जातिनिर्मितीची प्रक्रिया : चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. भौगोलिक अलगीकरणाचे महत्त्व मोरित्स व्हाग्नर या जर्मन निसर्गवैज्ञानिकांनी १८६८ मध्ये आग्रहाने मांडले आणि अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ मधील ग्रंथाने त्याला आधुनिक रूप मिळाले. एका जातीचा लहान गट मूळ समूहापासून तुटला, की परागांची व बीजांची देवघेव थांबते. नव्या परिस्थितीत वेगळ्या गुणांची निवड होते. शिवाय लहान गटात केवळ यदृच्छेने काही जनुके नाहीशी होतात, तर काही सर्वत्र पसरतात. पुरेसा काळ गेल्यावर हे दोन गट पुन्हा एकत्र आले, तरी त्यांचा संकर होत नाही किंवा झालेली संतती वांझ राहते. तेव्हा नवी जाती निर्माण झाली असे समजतात [⟶ क्रमविकास].

वनस्पतींत आणखी एक द्रुत मार्ग आहे. गुणसूत्रांच्या संचांची संख्या वाढून (बहुगुणिततेने) एक-दोन पिढ्यांतही नवी जाती उद्भवू शकते; सपुष्प वनस्पतींतील सु. १५ टक्के जातिनिर्मितीत असा बदल घडला असावा, असा एक अंदाज आहे. म्हणून एखाद्या क्षेत्रात जाती कशा उद्भवल्या हे ठरविताना भूगोलाबरोबर गुणसूत्रेही तपासावी लागतात.

कंदीलपुष्पे : या तपासणीचे येथील उत्तम उदाहरण म्हणजे सेरोपेजिया प्रजाती. रुईच्या कुलातील (ॲस्क्लेपिएडेसी, आता करवीर कुलात, ॲपोसायनेसीत, समाविष्ट) या वनस्पतींना फुलांच्या आकारावरून कंदीलपुष्प म्हणतात, काही जातींना ‘खरपुडी’ असे लोकनाम आहे. हूकर यांनी १८८३ मध्ये वर्णिलेली से. लॉई ही जाती दीर्घकाळ आढळली नव्हती. ती पुढे हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडली. जुन्नर-हरिश्चंद्रगड भागातील से. रोली हिचे वर्णन के. हेमाद्री यांनी केले. कळसूबाईच्या उत्तरेस नासिक जिल्ह्यातील अंजनेरी डोंगरावरून मालपुरे, कांबळे व यादव यांनी २००६ मध्ये से. अंजनेरिका ही नवी जाती नोंदविली. या तिन्ही जाती कंदयुक्त, ताठ व उघड्या उताराच्या आहेत. प्रजातीतील इतर अनेक जाती मात्र झुडपांच्या आधाराने चढणाऱ्या वेली आहेत. वाऱ्याने झोडपलेल्या, आधार नसलेल्या माथ्यावर ताठ, बुटके खोड उपयोगी पडते, तर कारवीच्या दाटीत वेल होणे सोयीचे असते.

भारतातील बहुतेक सेरोपेजियांत गुणसूत्रांची संख्या २२ हीच आहे. म्हणजे त्यांच्या विविधतेचे मुख्य कारण बहुगुणितता नसून अन्यत्र शोधावे लागते. त्यांचे बीज रेशमी केसांच्या झुपक्यामुळे वाऱ्यावर तरंगते. त्यामुळे एखादे बीज क्वचित दूरच्या माथ्यावर पोचून नवी वसाहत होऊ शकते, पण सततची देवघेव राहत नाही. परागण मात्र चिमुकल्या माश्यांवर अवलंबून असते. गंधाने आकृष्ट झालेली माशी फुलाच्या नळीत शिरते. नळीतील खाली वळलेले केस तिला बाहेर पडू देत नाहीत. ते कोमेजल्यावर ती परागपुंज घेऊन सुटते. नळीची लांबी, रुंदी किंवा गंध थोडा बदलला, तरी येणारी माशी बदलू शकते. अशा रीतीने भूगोलाने सुरू केलेले अलगीकरण फूल पुरे करू शकते.

शिंदळ माकुडी : एन्. ए. डॅल्झेल यांनी १८६४ च्या सुमारास ही वनस्पती वर्णिली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. शिवनेरी, सज्जनगड अशा थोड्या ठिकाणांबरोबरच भंडारदऱ्यापासून सु. १० किमी.वरील रंधा धबधब्याच्या कड्यांवरही तिची नोंद आहे. तिचे खोड निवडुंगासारखे मांसल असूनही पावसाळ्यात तिला चांगली वाढलेली पाने येतात व कोरड्या दिवसांत ती गळतात. तिच्या मांसल आप्तांत अशी पाने जवळजवळ नाहीत. त्यामुळे तिला एकाच जातीची स्वतंत्र प्रजाती मानीत. अलीकडे तिचा समावेश बोसेरोसिया प्रजातीत करतात. त्यानुसार तिची पाने प्राचीन अवशेष नसून भरपूर पावसाच्या प्रदेशात मागाहून पुन्हा वाढीस लागलेली असावीत, असे अनुमान निघते. कोरड्या प्रदेशाला अनुकूल झालेल्या वंशाने घाटाच्या पावसाशी घातलेला हा मेळ होय. जाती दुर्मिळ आहे म्हणून ती पुरातन असलीच पाहिजे, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

कालिक अलगीकरण : अलगीकरणास दरीच लागते असे नाही. कारवी (स्ट्रोबिलँथिस कॅलोसा) साधारणतः आठव्या वर्षी एकाच वेळी फुलते, बीज देते व मरते. पण निरनिराळ्या डोंगरांवरील बहराची वर्षे नेहमी जुळत नाहीत. बहर वेगळ्या वर्षी येणाऱ्या दोन गटांत, ते शेजारी असले तरी, परागांची देवघेव होत नाही.

अभ्यास व संरक्षण : या प्रदेशाच्या वनस्पतींच्या नोंदी थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथात (१९०१–०८) एकत्रित झाल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे १९५५ मध्ये स्थापन झाल्यावर शोधाला वेग आला आणि १९९९ मध्ये प्रधान व सिंग यांचा अहमदनगर जिल्ह्याच्या वनश्रीवरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले.

तथापि अशा जातींचे संरक्षण केवळ जंगल राखून होत नाही. त्यांचे वसतिस्थान बहुधा झाडांखाली नसून ‘पडीक’ वाटणाऱ्या उघड्या कातळावर असते. तेथे केलेले वृक्षारोपण, वणवे, पायवाटांचे रुंदीकरण किंवा पावसाळी सहलींची गर्दी यांनी काही चौरस मीटरांतील माती गेली, तर तेवढ्यातच सामावलेला गट नष्ट होतो. तापमान वाढत गेल्यास खालच्या वनस्पती वर सरकू शकतात. माथ्यावरील वनस्पतींना मात्र वर जागाच उरत नाही. ज्या लहान क्षेत्राने जातीला वेगळे रूप दिले, तेच तिच्या नाशाचेही कारण होऊ शकते. रोपवाटिकेत वाढवून रोपे जगविता येतात. परंतु माथा, दरी, पाऊस व परागण करणारी माशी यांच्यातील संबंध, ज्यांतून नव्या जाती निर्माण होतात, तो मूळ जागीच टिकू शकतो.